सत्काराचे सोळा खड्डे

दवाखाना आटोपून रश्मी विंझरच्या शाळेपाशी आली आणि मैदान पाहून तिचं डोकंच फिरलं. पहिल्या बेसपासून तिसऱ्यापर्यंत हातहात खोल सोळा खड्डे, काहींत तर खांबही उभे! दोन महिने तिच्या सॉफ्टबॉल संघातल्या पोरींनी घमेल्यांनी दगड वेचून हे मैदान केलं होतं. उद्या सकाळी इथंच भोरच्या संघाशी सामना. जिंकेल तो जिल्ह्याला जाणार, हरेल तो घरी.

"आनंदतात्या, हे काय?"

सरपंच आनंदराव खुशीत होते. "मांडव, मॅडम! सामन्याआदी तुमचा सत्कार न्हाई का? सॉफ्टबॉलचं सोन्याचं पदक, वर डॉक्टरकी. लई पावणे येनार."

"कडेला घालायचा."

"कडंला बाभळी हायत. मधी बसल्याबिगर शोभा न्हाई."

"आणि पोरी खेळणार कुठं?"

"मांडवाच्या म्हागं! चेंडूच तर मारायचा."

चेंडूच मारायचा म्हणे. रश्मीची डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, ती त्या चेंडूनंच. पूर्वी तिच्यासाठी मैदान मागायला गेलेल्या तिच्या वडिलांना, सोनबांना, याच आनंदरावांनी ओट्याखालूनच वाटेला लावलं होतं. मग ती भात काढलेल्या खाचरात खेळली. डॉक्टरकीच्या परीक्षेला बसली तेव्हाही खेळाचा हातमोजा पिशवीत होता. "एक काहीतरी धर" म्हणणारे ढीगभर भेटले. दोन्ही धरायला हात द्यायला कुत्रं आलं नाही. पदक घेऊन एसटीतून उतरली तेव्हा थांब्यावर एकटे सोनबा होते. आता शाल घेऊन निघालेत!

"मला सत्कार नको. फावडी आणा."

"पण पावण्यांना काय सांगू?"

"सांगा, सत्कारमूर्ती खड्डे बुजवतेय. उद्या एकाही पोरीचा पाय यात गेला, तर तिचं हाड मी बसवीन. पण आधी तुमची खोड मोडीन."

पदर खोचावा तशी तिनं ओढणी कमरेला बांधली आणि पहिला खांब स्वतः उपटला. मांडववाले फावडी घेऊन पुढं झाले.

माती पडली, पण सरावाला जमलेल्या पोरींतल्या पिचर शिवानीनं टाच दाबून पाहिली. "मॅडम, पाय रुततोय. पानी मारून चेपाया लागंल. वजन पायजे."

सगळ्या पोरींची नजर एकदमच आनंदरावांच्या पोटाकडं गेली.

"चढा, तात्या," रश्मी म्हणाली.

"म्या?"

"मग कोण? शोभा तुम्हालाच हवी होती ना?"

पोरींनी पाणी ओतलं. चपला काढून, धोतर वर धरून सरपंच चिखलात थयथय नाचू लागले. पोरी फिदीफिदी हसल्या. रश्मी हसली नाही.

"हा एक झाला," ती म्हणाली. "पंधरा राहिलेत."