न चुकवलेल्या गोळ्या

"रक्तात औषध जवळपास नाहीच," यवतमाळचे डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चुकवता ना?"

मला मिरगी आहे. गोळी सुरू झाल्यापासून फिट आली नव्हती. यंदा मात्र अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा साडी ओली होती, पोरं भिंतीला चिकटून उभी होती. लाजेनं मान वर होईना.

डॉक्टरांनी ड्रग लेव्हल करायला सांगितली, म्हणजे रक्तात औषध किती उतरलं ते मोजणारी तपासणी. तिचा हा निकाल.

मी एकही गोळी चुकवली नव्हती. पण शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "काहून लपवून राह्यली वं? सांगून टाक ना." नर्स, बाकीचे पेशंट, सगळे बघत होते.

"हो, चुकल्या दोन-चार," मी म्हटलं. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. सुटले, असं वाटलं.

मग सासूबाई समोर उभ्या राहून गोळी खायला लावू लागल्या. तरी पुन्हा फिट आली, चुलीपाशी. हात भाजला.

आमचं नेहमीचं औषधाचं दुकान बंद होतं, म्हणून नवरा मला पांढरकवड्याला दुसऱ्या दुकानात घेऊन गेला. मलमासोबत फिटच्या गोळ्याही मागितल्या, गोळ्यांची जुनी पट्टी दाखवली. तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनी ती आपल्याकडच्या पट्टीशेजारी ठेवली. छपाई फिकट. कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. बॅच नंबर अंगठ्यानं पुसला जात होता. गोळी दाबताच तिचा भुगा झाला.

"ताई, ह्या नकली वाटून राह्यल्या. मले औषध निरीक्षकाले कळवा लागते. खरं सांगा, रोज घेत होत्या ना?"

"थे चुकवते," नवरा म्हणाला. "डॉक्टरले सांगतलं तिनं."

आता गप्प बसले असते तर दोष माझाच ठरला असता.

"मी खोटं बोलली होती," मी म्हटलं. "एकबी चुकवली नाही."



मॅडमनी पट्टी पाकिटात बंद केली, बिल आहे का विचारलं आणि यवतमाळला औषध निरीक्षकांना फोन लावला. सरकारी तपासणीत गोळ्यांत औषधच निघालं नाही. अस्सल गोळ्यांवर मी सावरले. डॉक्टर म्हणाले, "पट्टी मी बघायला हवी होती." त्या मॅडमचे उपकार विसरणार नाही.

फिटची लाज आता वाटत नाही. पण निरीक्षक सांगून गेले, त्याच बॅचच्या गोळ्या आणखी घरांत गेल्या होत्या. तुम्ही पट्टी आणि बिल जपून ठेवा, आणि न केलेली चूक कबूल करू नका. मी केली, आणि नकली गोळ्या तशाच विकल्या जात राहिल्या. त्यानंतर त्या घरांत कोण कोण पडलं, मला माहीत नाही.