घुंईसरांची पेटी

घुंईसरांना गाण्याचा मनापासून तिटकारा. समोर कोणी नुसतं गुणगुणायला लागलं तरी हा माणूस उठून चालू लागायचा. रिसोडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात रेडिओ दिवसभर बोंबलत असे. सर कप हातात घेऊन रस्ता ओलांडायचे आणि पलीकडे उन्हात, एसटीच्या धुळीत उभं राहून चहा प्यायचे. "गानं म्हंजे आयकनाऱ्याले लाच देनं हाये, बाई," ते मला म्हणायचे. "गोड लागते म्हनून मानूस घेते, अन् मंग इचारच करत नाई." आणि असा हा माणूस हार्मोनियम वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, एक पट्टी दाबून बसायचा!

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवत, मी मराठी. गावातल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी एक लघुकथा वाचून दाखवायचे. एका शनिवारी सर वाचनालयाची धूळ खात पडलेली पेटी ओढून माझ्या मागे येऊन बसले. मी पहिलं वाक्य वाचलं आणि मागून सुरू झालं, घुंईऽऽऽ. थांबायचं नावच नाही. कानात गांधीलमाशी शिरावी तसं माझं डोकं भणभणलं. कथा कशीबशी संपवली आणि मी त्यांच्यावर उखडलेच, "सर, ही काय भुणभुण लावलीत?" ते शांतपणे भाता बंद करत म्हणाले, "घराले जोतं लागते का नाई? तसं गोष्टीले बी लागते. लोकाईनं जोत्याकडं पाहू नये, पन घर खचू बी नये." त्याच आठवड्यात गावानं त्यांचं बारसं केलं, घुंईसर!

मी चिडचिड करत राहिले आणि ते वाजवत राहिले. पुढे पेटीच्या जोडीला आवाजासाठी चाळणी आली, चाळणीत तुरीचे दाणे आले, पत्र्याचा तुकडा आला. नोकरीला गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या बाईची कथा मी वाचत होते, तेव्हा सरांनी ते दाणे चाळणीत इतके हळू फिरवले, की पुढच्या रांगेतले एरवी घोरणारे अडतेसुद्धा डोळे पुसू लागले. संपल्यावर तेच अडते म्हणाले, "सर, मंधात एखांदं भावगीत टाका ना!" सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्यांनी टोपी उचलली आणि गेले.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत सोसली नाही. ती म्हणजे त्यांची तंबाखू. कथेच्या मधे उठायला नको म्हणून पेटीशेजारी डालड्याचा एक रिकामा डबा ठेवायचे आणि भर करुण प्रसंगात त्यात पचकन थुंकायचे. शी! मी म्हटलं, "सर, निदान बाई मरताना तरी थुंकू नका." तर म्हणतात, "बाई मरते तवा दुनिया थांबते का?" ह्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आमच्या भागात पेटीचा सूर लांबला म्हणजे भजन सुरू व्हायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका शनिवारी तो सूर ऐकून आख्खं भजनी मंडळ चपला काढून आत आलं. टाळ मांडीवर, डोळे मिटलेले. आता अभंग सुरू होईल, मग होईल, म्हणून मंडळी शेवटपर्यंत ताटकळली. अखेर बुवांनी विचारलं, "सर, सुरू कवा करता?" सर म्हणाले, "सपलं बी, बुवा." बुवा टाळ गुंडाळत म्हणाले, "बरं झालं. आमचं मन तं लागलं होतं." त्या दिवशी सर मला पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना दिसले.

सर जवळच्याच रिठद गावचे, दीक्षा घेतलेल्या घरातले. ते बौद्ध आहेत हे गावात कोणी बोलायचं नाही आणि कोणी विसरायचंही नाही. वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब, मोठे जमीनदार. ते चारचौघांत सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "सर तं आपलेच हायेत." पण त्यांच्या ओसरीवर सरांसाठी कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. आम्ही तिथे गेलो की सरांचं पोट हटकून बिघडलेलं असायचं. चहा नको म्हणायचे.

मग सरांनी स्वतः एक कथा लिहिली, 'खडी'. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या बाईची. ती बाई म्हणजे त्यांची आईच. मी ती एका बैठकीत दोनदा वाचली. सर म्हणाले, "बाई, याच्याखाली पेटी एकटी पुरत नाई. आईले अन् तिच्यासंगच्या बायाईले बोलावतो. हातोडे घेऊन येतीन, खाली पोतं टाकून हळूहळू खडी फोडतीन, तुमी वाचा." मग डोळे बारीक करून म्हणाले, "या वाचनालयाच्या इटा आईनं डोक्यावर वाहेल हायेत. पन आत बसली नाई ते कधी. एकडाव तिले आत बसून आयकू द्या. मले बाकी काई नको."

शनिवारी सरांच्या म्हाताऱ्या आई आल्या. धुतलेलं लुगडं, पदरात बांधलेला हातोडा, बरोबर चार बाया. माझा हात धरून म्हणाल्या, "तूच वाचनार का वो माय? जोरानं वाचजो, मले कमी आयकू येते." आणि दारात भाऊसाहेब उभे! चेहऱ्यावर साखर. "सर, नवीन फरशी हाये, दगडानं फुटंन. बायाईले बाहेर पायरीवर बसू द्या. आवाज येतेच की खिडकीतून."

मी म्हटलं, "मग हातोडे बाहेर ठेवतील. नुसत्या आत बसतील."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पायरीवर हवा चांगली लागते," म्हणाले.

आई बिचाऱ्या पायरीवर टेकायलाही लागल्या होत्या. "काहून भांडता रे? मी अथूनच आयकतो." सरांनी पेटी बंद केली. "नाई आई, ऊठ," म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन स्टँडकडे निघून गेले. आतले रसिक पंख्याखाली बसून राहिले. एकही उठला नाही. मेले!

किळस यायची ती पुढेच. सोमवारी शिपायानं मला सांगितलं, की फरशी धुतली आणि पेटीवर गोमूत्र घातलं. आत कोणी आलंच नव्हतं, तरी फरशी धुतली! आणि पेटीवर शिंपडलं असतं तर एक वेळ. बहाद्दरांनी झाकण उघडून तांब्यानं ओतलं. एवढे दिवस 'आपलेच' होते, तेव्हा पेटी बाटली नाही. आई दारात आली आणि लेकाची बोटं एकदम आठवली! त्यावर कडी म्हणजे भाऊसाहेबांचा निरोप: झालं गेलं विसरा, शनिवारी या, पेटी साफ करून ठेवली आहे.

मला वाटलं, सर थुंकतील त्या निरोपावर. तर म्हणाले, "जाऊ. 'खडी'च वाचा."

शनिवारी वाचनालय गच्च भरलं. सरांनी पेटी उघडली, पट्टी दाबली. सूर नाही. आत सगळं कुजलं होतं. भात्यातून नुसती हवा निघाली, फुस्सऽऽ, धापा टाकणाऱ्या माणसासारखी, आणि तिच्याबरोबर असा भपकारा आला की माझं नाक फाटलं. मी थांबले. "वाचा बाई," सर म्हणाले. मी वाचू लागले आणि सर भाता मारत राहिले, फुस्स, फुस्स. तो सडका वास रांगेरांगेनं मागे सरकत गेला. भाऊसाहेबांनी नाकाला उपरणं लावलं. उठावं तर कारण काय सांगायचं? शेवटी म्हणालेच, "सर, पुरे करा थे. वास येऊन राह्यला."

सरांचा हात थांबला नाही. "वास तुमचा हाये, भाऊसाहेब. कथा माही हाये. दोन्ही सपू द्या."

मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. कोणी हललं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. सरांनी पेटी तिथेच उघडी टाकली आणि आम्ही बाहेर आलो. सर पुन्हा त्या दारात कधी गेले नाहीत. वर्षभरात त्यांची बदलीही झाली. मी नंतर अनेक गावांत कथा वाचल्या. कोणी मागे गोड बासरी लावतो म्हणालं, की अजून माझं पित्त खवळतं.

त्या शेवटच्या शनिवारी बाहेर आल्यावर नळावर हात धुता धुता मी रागानंच विचारलं, "सर, आज तर कोणाची अडवायची हिंमत नव्हती. आईंना का नाही आणलंत? आत बसल्या असत्या ना!"

"असल्या घानीत माही माय कायले बसवू?" सर म्हणाले. "तिच्यासाठी उद्या रिठदले चाला. तिनं आंगन सारवून ठेवलं हाये."