टोपीवरची पांढरी रेघ

तिच्या मैत्रिणी तिला ‘भिंग’ म्हणत. नाव शाळेतच पडलं होतं, आणि पुढे नोकरीही अशी मिळाली की ते चिकटलं ते चिकटलंच. कपड्यांच्या मोठ्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, परत आलेल्या मालाचं काउंटर होतं. एकोणीस वर्षं ती तिथे उभी होती. गिऱ्हाईक म्हणायचं, “घातलाच नाही हो, माप चुकलं.” भिंग काही बोलत नसे. कॉलर उलटायची, काखेची शिवण ट्यूबलाइटसमोर धरायची, खिशाच्या कोपऱ्यात बोट घालायचं. एकदा तर ‘न घातलेल्या’ कोटाच्या आतल्या खिशातून तिने दात कोरायची काडी काढून गिऱ्हाइकापुढे ठेवली होती. मालक खूश, गिऱ्हाईक लालबुंद.

पण दुकानाची सवय दुकानातच ठेवून घरी येणं सगळ्यांना जमत नाही, आणि हिला तर मुळीच जमलं नाही. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. त्याला उशीर झाला की हातावरचं ग्रीस बघून ही सांगायची, गाडी खरंच बिघडली होती की गप्पा रंगल्या होत्या. तो बिचारा म्हणायचा, “लोकांच्या घरात आरसा असतो, आमच्याकडे एक्स-रे आहे.” नोकरीसाठी परगावी गेलेली मुलगी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची. ती असं का करते, हा प्रश्न भिंगने स्वतःला कधी विचारला नाही. बाकीच्यांना मात्र रोज शंभर प्रश्न विचारले.

तिला टिकून राहिलेल्या मैत्रिणी दोनच. एक शाळेत चित्रकला शिकवायची, तिला सगळे बाई म्हणत. दुसरी इस्पितळात नर्स, म्हणून ती सिस्टर. तिघी एका बाकावर बसून मोठ्या झालेल्या. त्या उन्हाळ्यात बाईंनी टूम काढली की रविवारी पहाटे निघून गावामागचा डोंगर चढायचा. “आपण तिघी पहिल्यांदाच जातोय हं,” बाई फोनवर म्हणाल्या. “वाट मलाही ठाऊक नाही. चुकलो तर चुकलो.”

डोंगराच्या पायथ्याशी बाईंनी पिशवीतून तीन टोप्या काढल्या. त्या भिंगनेच आणून दिलेल्या. गेल्या महिन्यात, कर्मचारी म्हणून मिळणारी सवलत वापरून. “कपाटातच पडून होत्या बघ. आज मुहूर्त लागला,” असं म्हणत बाईंनी एक टोपी भिंगच्या डोक्यावर ठेवली, एक सिस्टरला दिली, एक स्वतः घातली.

भिंगची नजर गेली ती थेट सिस्टरच्या टोपीच्या पट्टीवर. तिथे एक बारीक पांढरी रेघ होती, नागमोडी. तशीच बाईंच्या टोपीवर. तिने स्वतःची टोपी काढून पाहिली. कोरी करकरीत.

घाम वाळला की कापडावर मीठ राहतं. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आणि एवढी रेघ बाजारात जाऊन येण्याने पडत नाही. त्यासाठी तासन्‌तास उन्हात चढावं लागतं.

‘पाणी कुठंतरी मुरतंय,’ भिंग मनात म्हणाली आणि मागून चालू लागली.

अजून सूर्य वर आला नव्हता तरी दगड आदल्या दिवशीच्या उन्हाने कोमट होते. गवत वाळून पिवळं पडलेलं, पायाखालची खडी सारखी निसटत होती. अर्ध्या तासाने वाटेला दोन फाटे फुटले. पाटी नाही, खूण नाही. बाई बोलता बोलता डावीकडे वळल्या.

“डावीकडेच कशावरून?” भिंगने विचारलं.

“अं? असंच. बरी वाटली.”

“उजवीकडची रुंद आहे की.”

“तू चल गं!”

पुढे सिस्टर धापा टाकत म्हणाली, “वळणापलीकडे सावली आहे, तिथे बसू.” आणि बोलून झाल्यावर जीभ चावली. वळणापलीकडे खरंच एक झाड होतं, बुंध्याशी बसायला सपाट दगडसुद्धा. भिंग त्या दगडावर बसली, पाणी प्यायली आणि हिशेब लावू लागली. मागच्या रविवारी तिने बाईंना फोन केला होता, लागला नव्हता. नंतर बाई म्हणाल्या, “पेपर तपासत होते.” उन्हाळ्याच्या सुट्टीत कसले पेपर? सिस्टर म्हणाली होती, ड्यूटी होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, दोघीही आता तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

तिला राग आला, पण रागाखाली दुसरंच काही होतं. तिला भीती वाटत होती. नवऱ्याने थट्टेवर नेलं, मुलीने फोन आखडता घेतला, ते तिने सोसलं. पण या दोघींनीही आपल्याला वगळलं, तर मग आपलं माणूस म्हणावं असं उरलं कोण?

माथ्यावर पोचेपर्यंत तिची नजर त्या दोन टोप्यांवरून हलली नाही. तिथे वारा होता, खाली सगळं गाव उन्हात पसरलेलं. बाईंनी उकडलेली अंडी सोलायला घेतली. भिंगने पुढे होऊन दोघींच्या डोक्यावरच्या टोप्या काढल्या, आपलीही काढली आणि तिन्ही ओळीने दगडावर मांडल्या.

“ही माझी. या तुमच्या. आता सांगा, पहिल्यांदा कोण आलंय?”

बाईंचा चेहरा पडला. मग त्या चिडल्या. “इथेसुद्धा काउंटर मांडलंस? हो, आलो होतो. दोनदा आलो. तुला सोडून.”

“का?”

“हे बघ, हेच! हा तुझा ‘का’!”

“बाई, राहू दे,” सिस्टर म्हणाली. ती हातातल्या अंड्याकडे बघत होती. “मी सांगते. इस्पितळात एका पेशंटला चुकीचं औषध गेलं. माझ्या पाळीत. बरा आहे तो, दोन दिवस नुसता झोपून होता. पण महिना झाला, चौकशी समिती रोज मला बोलावते. किती वाजता, कोणत्या हाताने, बाटली कुठे होती. घरी गेले की नवरा विचारतो, सासूबाई विचारतात. मला एक दिवस असा हवा होता की कोणी काही विचारणार नाही. तू असतीस तर…” ती थांबली. “आज मीच म्हटलं तुला आणू या. तुझ्याशिवाय बरं वाटत नव्हतं. पण तू असलीस की भीतीही वाटते गं.”

भिंगला कानाखाली बसल्यासारखं झालं. आणि मेली सवय अशी, की त्याही क्षणी प्रश्न ओठांवर येऊन उभा राहिला: चूक तुझीच होती का? सिस्टर तिच्या तोंडाकडे बघत होती. प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, तिने खांदेसुद्धा आवळून घेतले होते.

भिंगने मूग गिळले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि फार जड गेले. तिने टोप्या उचलून जिच्या तिच्या हातात दिल्या, एका अंड्याचा चावा घेतला आणि म्हणाली, “मीठ आहे का कोणाकडे? अंडं अळणी लागतंय.”

उतरताना ऊन रणरणत होतं. बाई पुढे झपाझप निघून गेल्या, अजून थोड्या फुरंगटलेल्या. मागे या दोघी. सिस्टर अडखळत होती, भिंग तिच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होती.

“तू विचारलं नाहीस,” सिस्टर म्हणाली.

“नाही.”

“विचारणारही नाहीस?”

“नाही.”

आणखी वीसेक पावलं गेली.

“बाटली मीच चुकीची उचलली,” सिस्टर म्हणाली. “नाव वाचलं नाही. दमले होते, पण ते काही कारण नाही. समितीला सांगितलं, मी वाचलं होतं म्हणून. बाईलाही तेच सांगितलंय. आता ते माझ्याबरोबर ड्यूटीला असलेल्या नव्या पोरीवर संशय घेतायत.”

भिंग थबकली. जे काढून घ्यायला तिने एरवी तासभर खोदून खोदून विचारलं असतं, ते आपणहून तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. आणि ते घेऊन उभं राहणं किती कठीण आहे, हे तिला आत्ता कळत होतं. काउंटरवर खोटं पकडलं की तिला विजय वाटायचा. आज काहीच वाटलं नाही, फक्त मैत्रिणीची दया आली.

“उद्या अकराला परत बोलावलंय,” सिस्टर म्हणाली. “खरं सांगून टाकावं म्हणते. जमेल का गं मला?”

भिंगने सिस्टरचा दंड धरला आणि पुढची निसरडी जागा तिला ओलांडून दिली.

“मी सुट्टी टाकते,” ती म्हणाली. “बाहेरच्या बाकावर बसते. तू ये आत जाऊन.”