एक दिवसाआडची गोळी

लातूरला क्लासेसच्या भागात आम्ही राहत होतो त्या गल्लीत सकाळी नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. खोलीखोलीत एक पोरगं अभ्यासाला आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला गावाकडून आलेली एक बाई. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची आज्जी. डॉक्टर व्हायचं पोरांना, बिऱ्हाड मात्र आम्ही हलवायचं. मी नांदेडहून आले ती नातीसाठी. मुलाला नोकरी, सुनेला नोकरी, मग राहिलं कोण? मुलगा म्हणाला, "आई, दोन वर्षांचा तर प्रश्न हाय." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मी हाव म्हणलं. माझ्यावर कुणीतरी जिम्मेदारी टाकून राहिलं याचा मला लई आनंद झाला होता. कारण त्याआधी एक काळ असा होता की नांदेडच्या घरात मला गॅसपाशी एकटीला सोडत नव्हते.

ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लोक विचारतात, काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. मालक जाऊन लई वर्षं झाली होती, ते दुःख पचलं होतं. पोरं मार्गाला लागली होती. आणि एका उन्हाळ्यात मला कंगवा उचलवेना. हातात बळ होतं, पण उचलवेना. सून माझी वेणी घालायची आणि मी भिंतीकडं बघत बसायचे. भूक नाही, झोप नाही, रडूसुद्धा नाही. दवाखान्यात जाताना गोदावरीचा पूल लागायचा. मी रिक्षावाल्याला म्हणायचे, "बाबा, मधी थांबवू नको." तो म्हणायचा, "पुलावर काय थांबा हाय का मावशी, थांबवायला?" तो हसायचा. सून हसायची नाही. ती माझं मनगट धरून ठेवायची.

मनाच्या आजाराच्या डॉक्टर मॅडमनी गोळी सुरू केली. एकदम काही झालं नाही. पण एके दिवशी मी सुनेला म्हणलं, "ही डाळ अळणी हाय गं," आणि ती तिथंच बसून रडायला लागली. कारण कित्येक महिन्यांत मला चवच कळली नव्हती. तेव्हापासून ती गोळी रोज, सकाळच्या चहानंतर. वर्षांवर वर्षं गेली.

लातूरला यायच्या आधी मॅडम म्हणाल्या होत्या, "आजी, तुम्ही लई वर्षांपासून छान आहात. आता ही गोळी कमी करायचा विचार करू. पण नातीची परीक्षा होऊ द्या, मग या. मी सांगेन तसं करायचं, आपल्या मनानं काही नाही." एवढं सगळं त्या बोलल्या. माझ्या डोक्यात राहिलं फक्त, गोळी कमी करायची.

तरी मी गप्प बसले असते. पण शेजारच्या खोलीत उदगीरची एक बाई होती, लेकासाठी आलेली. मनानं चांगली. शेंगदाण्याची चटणी केली की पहिली वाटी मला. एकदा ती फळीवरचं माझ्या गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करायला लागली.

"आक्का, ही कशाची वो?"

"झोपेची," म्हणलं मी.

"झोपेची न्हाई ही. माझ्या भावजयीला हेच पाकीट होतं. डोक्याची गोळी हाय ही. एकदा आदत लागली की जन्मात सुटत न्हाई म्हणं. आतून पोखरती."

"तुझी भावजय आता कशी हाय?"

"चांगली हाय की. पण गोळी खाती ना अजून!"

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. मला सगळ्यात पहिली भीती वाटली ती ही, की मी बरी आहे ती मी नाहीच, ती गोळी आहे. आता मी मेल्यावरच ती सुटणार. आणि दुसरी भीती लगेच तिच्या मागं उभी, की सोडली तर तो उन्हाळा परत येणार.

लातूरला नळाला रोज पाणी येत नाही. आम्ही बायका पिंप, हंडे, घागरी भरून ठेवायचो आणि मधले दिवस ओढायचो. काही अडायचं नाही. आज अंगण धुतलं तर उद्या नाही. तेच डोकं मी गोळीला लावलं. आज घ्यायची, उद्या नाही. म्हणजे अर्धी झाली की नाही? मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. शाळेत मी गेलेच नाही, वाचायला शिकले ते मालकांच्या पेपरवर बोट ठेवून ठेवून. असं वाटलं, बघा, एवढं मोठं काम मी डॉक्टरबिगर केलं. नातीला सांगितलं नाही. तिला अभ्यास.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एका दुपारी मी भाजीवाल्यापाशी उभी होते. मागून कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली आणि डोक्यात करंट बसला. खरंच करंट. टीव्हीची वायर हलली की चित्र तुटतं आणि परत लागतं, तसं. दुखलं नाही. पण क्षणभर मी नव्हतेच. भाजीवाला म्हणाला, "काकू, वांगी पडली." माझ्या हातातली पिशवी खाली होती.

मग ते होतच राहिलं. डोळे एकीकडून दुसरीकडं फिरवले की झर्रर्र. चालताना जमीन पुढं सरकल्यासारखी. दुपारी जरा डोळा लागला की असली स्वप्नं, की जागी झाल्यावर हात लावून बघायचे, ही भिंत खरी हाय का. अंगाला घाम. पोटात ढवळून यायचं. आणि रडू! नातीचा एक मोजा वाळत होता, एकच, जोडीचा दुसरा सापडेना, तर मी त्या मोज्यापाशी बसून हुंदके देऊन रडले.

सगळ्यात जास्त घाबरले ती एका सकाळी. मी रोज आंघोळ झाली की बुद्धवंदना म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासूनची सवय, तोंडाला पाठ, झोपेतही म्हणेन. त्या दिवशी निम्म्यात आले आणि पुढचे शब्दच नाहीत. हात जोडलेले, मेणबत्ती लावलेली, आणि माझ्या तोंडात काहीच नाही. मला वाटलं, आला. तो उन्हाळा आला. आता कंगवा उचलवणार नाही. आणि या वेळी मनगट धरायला सून इथं नाही, एक सतरा-अठरा वर्षांची पोर आहे, तिची परीक्षा तोंडावर आहे, आणि तिच्याच ताटात मी माझा आजार वाढून ठेवणार.

त्या दिवसापासून मी स्वतःवर पहारा ठेवायला लागले. भूक लागली का? लागली, पण थोडी. चव कळली का? कळली वाटतं. काल जास्त रडले की आज? एवढं बारकाईनं स्वतःकडं बघितलं की माणूस बरं राहील कसं? नातीशी बोलताना मी हसायचे आणि हसून झालं की बघायचे, हे हसू खरं होतं का?

पोरगी वेडी नव्हती. एकदा मी भात उतरवायला गेले, मान वळली, करंट बसला आणि कुकर हातातून निसटला. शेगडीच्या कडेला आपटला, भात सगळ्या ओट्यावर. ती धावत आली. आधी माझे हात बघितले, भाजलेत का. मग चिडली.

"आज्जी, काय चाललंय तुझं? परवा मीठ दोनदा घातलं, त्या दिवशी मोज्यासाठी रडलीस, आज हे! मी अभ्यास करू का तुझ्यावर लक्ष ठेवू?"

"तू अभ्यास कर. मला काय झालं? म्हातारपण हाय."

"म्हातारपण एका महिन्यात येतं व्हय?" ती फळीपाशी गेली. पाकीट काढलं. तिनं पाकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "यात एवढ्या गोळ्या कशा काय राहिल्या? तू घेत न्हाईस?"

"घेते की."

"आज्जी."

"एक दिवसाआड घेते."

"कुणी सांगितलं?"

मी काय सांगणार, नळानं सांगितलं? तिनं खरकटे हात पुसले, माझा मोबाइल घेतला आणि नांदेडला दवाखान्यात लावला. तिथल्या माणसानं म्हणलं मॅडम पेशंटमध्ये आहेत, थोड्या वेळानं करतील. तो थोडा वेळ आम्ही दोघी ओट्यावरचा भात गोळा करत होतो. मला वाटत होतं आता मॅडम म्हणणार, आजी, आजार परत आला, दाखल व्हा. मुलगा येणार, मला घेऊन जाणार. पोरीचं वर्ष जाणार. परत वेणी. परत तो पूल.

फोन आला. नातीनं आवाज मोठा केला आणि मोबाइल मांडीवर ठेवला. मी सगळं सांगितलं, करंट, घाम, स्वप्नं, वंदना. मॅडमनी मधी तोडलं नाही. मग विचारलं, "आजी, त्रास कोणत्या दिवशी जास्त असतो? गोळी घेता त्या दिवशी, की घेत नाही त्या दिवशी?"

इतके दिवस स्वतःवर पहारा ठेवला, पण हे मी बघितलंच नव्हतं. नातच म्हणाली, "परवा मिठाचा घोळ झाला तेव्हा घेतली नव्हती का? आणि आज?"

आज नव्हती घेतली. घेतलेल्या दिवशी दुपारपर्यंत उतार पडायचा.

"मग हा तुमचा जुना आजार नसावा," मॅडम म्हणाल्या. "तो हळूहळू येतो, त्यात असे करंट बसत नाहीत. हा गोळी अशी तोडल्याचा त्रास आहे. ही गोळी अंगातून लवकर उतरते. एक दिवस आहे, एक दिवस नाही, म्हणजे मेंदूला रोज वर-खाली. आजपासून परत रोज घ्यायची, पहिल्यासारखी. थोड्या दिवसांत त्रास थांबेल. नाही थांबला तर लगेच फोन." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "आजी, सरळ विचारते. जगू नये, मरावं असं मनात येतं का?"

नात उठून बाहेर जायला लागली. मी तिचा हात धरला. "बस," म्हणलं. का म्हणलं ते मला माहीत नाही. इतकी वर्षं त्या पुलाचं मी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं.

"येत न्हाई," मी फोनला म्हणलं. "पण येईल का काय, याचीच भीती वाटून राहिली."

"भीती वाटणं वेगळं, आजी, आणि ते वाटणं वेगळं. पण ते वाटलं, जरासं जरी वाटलं, तर त्याच घटकेला नातीला सांगायचं आणि मला फोन करायचा. दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवल्यावर नातीनं गोळीचं पाकीट परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुझी परीक्षा."

"माझी परीक्षा गेली खड्ड्यात." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून ती पण रडली. तिला पण भीती वाटत होती की. नांदेडच्या घरी तो उन्हाळा तिनंसुद्धा बघितला होता, लहान होती तरी. मला वाटायचं तिला काही आठवत नाही.

गोळी रोजची झाली आणि करंट हळूहळू गेले. उदगीरच्या बाईला मी एकदा सांगितलं, "तुझ्या भावजयीला म्हणावं, घेऊन राहिलीस तशीच घे. आपल्या मनानं सोडू नको." ती म्हणाली, "ती कशाला सोडती, तिला माझ्यासारखी शेजारीण न्हाई." त्या दिवशी मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो.

परीक्षा झाली, नातीचा नंबर लागला, ती होस्टेलला गेली. मी नांदेडला परत आले आणि मॅडमच्या नजरेखाली खरं कमी करणं सुरू झालं. त्यांनी गोळी घरी तोडू दिली नाही, कमी ताकदीच्या लिहून दिल्या. थोडंसं कमी करायचं, मग कित्येक आठवडे तिथंच थांबायचं. अंगाला मानवलं तर पुढं, नाहीतर एक पायरी मागं. जसजशी गोळी कमी होते तसतशी पायरी आणखी बारीक. शेवटचं थोडंसंच अंगाला जास्त जाणवतं म्हणे.

लोकांना वाटतं, डॉक्टर बरोबर असले की भीती जाते. मला तर प्रत्येक पायरीला भीती वाटते. मान वळवायच्या आधी मी अजून थबकते. सून ऑफिसातून आली की माझ्या तोंडाकडं बघते आणि मी तिच्या तोंडाकडं, की हिला काय दिसलं.

मागच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "आता सगळ्यात लहान उरली. ही पण बंद करून बघायची का?"

मला वाटलं होतं हा दिवस आला की मी पेढे वाटीन. तर बाजूला बसलेल्या सुनेचं मनगट मी धरलं. मी म्हणलं, "नको. आता नको. मला भीती वाटते."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "थांबू. कधीच नाही सुटली तरी त्यात तुमचं काही चुकलं असं नाही."

तेवढ्यावर मला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसत पुसत मीच विचारलं, "मॅडम, हे रडू कोणतं? गोळीचं, का त्या आजाराचं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

पोटात भूक होती, ती कळत होती. सुनेनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो ऊन लागत होता.

"माझं असावं," म्हणलं मी. "मला वाटतं, माझंच हाय."

त्यांनी मान हलवली आणि तीच लहान गोळी परत लिहून दिली. चिठ्ठी सुनेच्या हातात न देता मी माझ्या हातात घेतली, बोट ठेवून वाचली, रोज, सकाळी, एक, आणि मग उठले.