दक्षिणमुखी पॅनेल

मी एकदा एका सोलर पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे फिरवलं आणि त्यामुळे रानडुकरं उपाशी राहिली. हे मी पूर्ण शुद्धीत केलं. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी विचारलेलंही नव्हतं. तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे बाईला सगळं येत असण्याचं जे वय असतं त्या वयाची.

रानडुकरांचं पोट भरायची जबाबदारी माझ्यावर कशी आली, ते आधी सांगते.

मुलगा आणि सून दोघंही आयटीतले. आम्ही आधी सिडनीत टूनगॅबीला राहायचो, मग तिथेच कॅसल हिलला मोठं घर घेतलं. सगळं सुरळीत चाललेलं असताना सुनेने नोकरी अर्धी केली, तीही घरून, आणि सिडनीपासून गाडीने तीन तासांवर जमीन घेऊन मेंढ्या पाळायला काढल्या; आम्हीही सगळे तिथेच राहायला आलो. इंजिनियर मुलगी. मी तेव्हा म्हटलं होतं, "अगं, वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानात निदान ताजी कोथिंबीर मिळते. मेंढ्यांमध्ये काय मिळणार?" ती म्हणाली, "कोथिंबीर लावू आपण, आई." लावली. ती मेंढ्यांनी खाल्ली. हे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते.

पहिल्याच हंगामात मेंढ्या व्यायल्या आणि रानडुकरांनी कोकरं खाल्ली. इथली रानडुकरं म्हणजे आपल्याकडे उकिरड्यावर दिसतात तसली नव्हेत. काळी, केसाळ, टोळीने फिरणारी. नुकतं जन्मलेलं, अजून पायावर उभं न राहिलेलं कोकरू त्यांना आयतंच सापडतं. सून सकाळी बादली घेऊन कुरणात जायची आणि बादली झाकून परत यायची. त्या दिवसांत मी कोथिंबिरीचा विषय काढला नाही, एवढी अक्कल मला होती.

मुलगा शांतपणे म्हणाला, "अजून एक हंगाम. तेव्हाही असंच झालं तर विकून टाकू. कॅसल हिलला परत." मी खरं सांगते, माझ्या मनात तेव्हा मंदिर, दुकानं आणि माझ्या भिशीच्या मैत्रिणी एकदम उभ्या राहिल्या. मी तोंडाने म्हटलं, "बघा बाई तुमचं तुम्ही." पण चेहऱ्यावर जे दिसायचं ते दिसलं असणार.

दुसऱ्या हंगामाआधी सुनेने रानाच्या कडेला जाळीचा मोठा पिंजरा उभा केला. त्यात एक फीडर. फीडर म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं पिंप. त्यात मका भरायचा. खाली छोटी मोटर आणि एक तबकडी. ठरलेल्या वेळी मोटर फिरते, तबकडी मका चारी बाजूंना उधळते. पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवायचं. डुकरं आधी बिचकतात, मग येतात, मग रोज येतात, मग सगळ्या गोतावळ्याला घेऊन येतात. सगळी टोळी निर्धास्त झाली की एके दिवशी दार पाडायचं. पाहुणचाराची ही पद्धत मला सुरुवातीला पटली नव्हती, पण बादली मीही पाहिली होती.

हे सगळं चालतं बॅटरीवर. मोटर, तिचं घड्याळ आणि सुनेच्या फोनवर फोटो पाठवणारा कॅमेरा, तिघांना मिळून एकच बॅटरी. सुनेने बारा व्होल्टची, बंद डब्याची शिशाची बॅटरी निवडली आणि वर चार्जिंगला पाटाएवढं एक सोलर पॅनेल. मुलगा म्हणत होता, साधे सेल टाक, संपले की बदल. ती म्हणाली, "कॅमेरा त्यांना आठवड्यात पिऊन टाकेल. आणि थंडीत सेल अजून लवकर बसतात." तिने विचार करून निवडली होती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

माणसाचा वास आला की डुकरं फिरकत नाहीत. म्हणून पिंजऱ्याकडे एकाच माणसाने जायचं, रोज तेच रबरी बूट घालून, असं ठरलं. सुनेचं ऑफिसचं काम, मुलगा आठवड्यातले दोन दिवस सिडनीला. उरले मी.

"आई, जमेल तुम्हाला?" सुनेने विचारलं.

"अगं, पुण्यात लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरची बॅटरी मीच सांभाळली. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालत होते."

"हिच्यात पाणी घालायचं नाही. ही सील केलेली आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. मी बाटली आणूनही ठेवली होती. ती पुढे इस्त्रीला वापरली.

बाकी मात्र मी चोख होते. तारा जोडतात त्या टोकांवरची पांढरी बुरशी ब्रशने काढायची, कोरडं करायचं, वर बोटभर व्हॅसलीन. काकाकुवा तारा कुरतडतात म्हणून मी तारा बागेच्या जुन्या नळीत घातल्या. हे डोकं माझंच. सुनेने मला मल्टिमीटर दिला होता. त्याचे दोन काटे लावले की बॅटरी किती भरली ते आकड्यात दिसतं. तो मी थर्मामीटरसारखा झटकून मग लावत असे. झटकायची गरज नसते. पण सवय.

आता पॅनेल. जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, सुरुवातीला मी मका भरायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की ते उत्तरेकडे तोंड करून बसवलंय. मला हसू आलं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत गच्चीवर पाणी तापवायचे सोलर बसवले, तेव्हा समितीत मी होते. कंत्राटदाराने पॅनेल जरा तिरकं लावलं, तर मी त्याला उन्हात उभं करून सांगितलं होतं, "सूर्य दक्षिणेकडून जातो. दक्षिण म्हणजे दक्षिण." त्याने मुकाट्याने सगळं परत खोललं होतं. आयुष्यातला असा विजय माणूस विसरत नाही.

म्हटलं, इंजिनियर झाली तरी पोर आहे. तिला कशाला खजील करायचं? खिशातून फोन काढला, होकायंत्र लावलं, पान्याने स्क्रू सैल केला आणि पॅनेल बरोबर दक्षिणेला आणून घट्ट केलं. एका अंशाचाही फरक नव्हता. घरी येऊन काही बोलले नाही. मनाचा मोठेपणा.

आठवडाभर बरं चाललं. मग कॅमेऱ्याचे फोटो कधी यायचे, कधी नाही. मग बंदच. मी जाऊन पाहिलं तर मोटर कण्हत होती आणि मका तबकडीवरून पायाशीच पडत होता. काटे लावले, बारापेक्षा कमी. सून म्हणाली, "इतकी उतरायला नको. शिशाची बॅटरी अशी रिकामी राहिली तर कायमची खराब होते." तिने घरी चार्जरवर लावली. आकडा छान वर गेला. नेऊन बसवली, मोटर सुरू झाली आणि आकडा धाडकन खाली. तेव्हा तिने मला शिकवलं की बॅटरीला आराम करताना तपासायचं नाही, काम करताना तपासायचं.

मग मी गावातल्या दुकानातून नवी आणली. दुकानदाराने विचारलं, "चार्जिंग कसं आहे?" मी म्हटलं, "चार्जिंग एकदम परफेक्ट." तो म्हणाला, "नो वरीज." नवी बॅटरीही तशीच उतरली; ती खराब व्हायच्या आत सुनेने मला काढून आणायला लावली.

फीडर बंद तशी डुकरंही बंद. रोज ताटावर येणाऱ्या पाहुण्याला दोनदा रिकामं ताट दिसलं की तो दुसरीकडे जातो. त्यांच्या खुरांचे ठसे आता मेंढ्यांच्या कुंपणाशी दिसायला लागले. मेंढ्यांची पोटं खाली आली होती. सून दिवसातून किती वेळा कुरणाकडे बघत उभी राहायची! एक मेंढी वेळेआधी व्यायली. सकाळी सून बादली घेऊन गेली आणि झाकून आणली.

त्याच सुमारास मी सांडगी मिरच्या करायला घेतल्या. घरात सुतक असल्यासारखं होतं. अशा वेळी मी काहीतरी वाळवत असते. मिरच्या भरल्या, परातीत लावल्या आणि शेडच्या दक्षिणेच्या बाजूला ठेवल्या, कारण ऊन दक्षिणेकडून येतं. सकाळी धुकं होतं. म्हटलं, येईल ऊन. खुर्ची टाकून बसले. धुकं गेलं, आभाळ निळंभोर झालं, आणि मी सावलीतच. जेवून परत आले, तरी सावलीच. मग शेडला वळसा घालून पलीकडे गेले. पलीकडे, उत्तरेच्या बाजूला, पत्रे तापले होते, मांजर पसरलं होतं आणि सूर्य माझ्या तोंडावर.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं या देशात राहून इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे कळलं नव्हतं? नव्हतं कळलं. टूनगॅबीलाही सूर्य होता, पण माझं त्याच्याशी काम पडलं नाही. घरात ड्रायर होता.

मी परात उचलून मांजराशेजारी ठेवली आणि बूट घालून पिंजऱ्याकडे गेले. पॅनेल उत्तरेला फिरवलं, जसं होतं तसं. मग तिथेच मक्याच्या पोत्यावर बसले. चूक कळली याचं काही नाही. पण आता हे सांगायचं कसं? ज्या बाईने दोन वर्षं कोथिंबीर, मंदिर आणि भिशी असा जप केला, तिनेच गुपचूप जाऊन पॅनेल फिरवलं, आणि नेमकं अशा बाजूला की सगळं बंद पडावं. मी पोलीस असते तर मलाच धरलं असतं.

म्हणून सांगितलं नाही. सुनेने घरी पूर्ण चार्ज करून ठेवलेली ती नवी बॅटरी मी नेऊन बसवली. कॅमेरा चालू झाला. मोटर घुमायला लागली. दोन दिवसांनी फोटोत एक डुक्कर आलं, लांबूनच बघून गेलं. सून म्हणाली, "आई, तुमचा हात लागला की चालतं बघा." मी म्हटलं, "छे गं." आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी मुलगा चहा घेताना सुरू झाला. "नशिबाने चाललंय. उद्या परत बंद पडेल. तुला मी सांगत होतो, साधे सेल टाक. तुला बॅटरी निवडता आली नाही, फार्म काय चालवणार तू? मी एजंटला बोलावतो, निदान किंमत तरी कळेल."

सून कपाकडे बघत म्हणाली, "बोलाव."

एवढंच. भांडली असती तर मी कदाचित गप्प बसले असते. भांडणात माझी कोणाला गरज नसते.

मी म्हटलं, "बॅटरी बरोबर होती. मी पॅनेल फिरवलं होतं."

"फिरवलं म्हणजे?" मुलगा.

"दक्षिणेला. पुण्यासारखं."

त्याने कप खाली ठेवला. "आई, मुद्दाम?"

"नाही रे."

"तुला इथे राहायचंच नव्हतं. रोज म्हणत होतीस."

"म्हणत होते. तोंडाने. तोंड आणि पाना वेगळे असतात." मग मी त्यांना सगळं सांगितलं. सोसायटी, कंत्राटदार, होकायंत्र, मिरच्या. कंत्राटदारापाशी आल्यावर मुलगा हसायला लागला, कारण लहानपणी त्याने ती गोष्ट माझ्याकडून इतक्या वेळा ऐकली होती की त्याला ती खोटी वाटणं शक्यच नव्हतं. सून हसली नाही. उठली, कप विसळले आणि कुरणाकडे गेली.

एजंटला त्या आठवड्यात बोलावलं नाही. फीडर रोज चालला. डुकरं एकेक करत परतली, मग सगळी आली, पिल्लांसकट. मेंढ्या व्यायला लागायच्या आदल्याच दिवशी मुलाने माझ्याच रबरी बुटांत पाय कोंबून, आत धक्का लागला की दार पडेल अशी दोरी लावली. सकाळी पिंजरा भरलेला होता. पुढच्या कामासाठी ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना असतो असा माणूस आला. तो आला तेव्हा मी घरात जाऊन मिक्सर लावला. त्यात काही नव्हतं, तरी बराच वेळ लावला.

त्या हंगामात कुरणात कोकरं इतकी झाली की पायाखाली येतील. एजंटचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही. त्यातल्या एका दुपारी मी कुंपणाशी उभी होते, तर सून शेजारी येऊन उभी राहिली. त्या शनिवारनंतर ती माझ्याशी जेवायला या, चहा घ्या, यापलीकडे बोलली नव्हती. मी मल्टिमीटर पुढे केला. म्हटलं, "घे बाई तुझा. दुसऱ्या कोणाला तरी दे हे काम."

तिने तो घेतला नाही. कोकरांकडे बघतच म्हणाली, "आई, मुद्दाम केलं असतंत तर इतकं मोजूनमापून केलं नसतंत. बॅटऱ्या तुम्हीच बघा. सूर्याचं मात्र मला विचारत जा."