गजाच्या अंगातलं रक्त

डॉक्टर सोनू ओव्हाळ यांच्या रागाला सगळं इस्पितळ टरकून असे. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात बाईंचा आवाज चढला की वॉर्डबॉय जिन्याआड होत आणि शिकाऊ डॉक्टर उगाचच कागद चाळू लागत. बाई मूळच्या कर्जतच्या, भिसेगावच्या. वडील धर्माजी रेल्वेत गँगमन. बाई शाळेत होत्या तेव्हा पाठचा भाऊ सखा पांढराफटक पडत गेला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरने त्या पोराला धड हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. सखा गेला. तो राग बाईंनी कधी विझू दिला नाही. त्याच रागाच्या जोरावर त्या डॉक्टर झाल्या, परदेशात जाऊन एकाच्या हाडातला मगज दुसऱ्याला द्यायची विद्या शिकल्या, आणि तिथली नोकरी सोडून मुंबईला परत आल्या.

हाडातल्या मगजातच रक्त तयार होतं. रोग्याचा बिघडलेला मगज औषधांनी मारून टाकायचा आणि सख्ख्या भावंडाचा जुळला तर तो शिरेतून सोडायचा, असं हे काम. पंच्याऐंशी साली नेरळजवळच्या पोशीर गावचा गजा त्यांच्या वॉर्डात आला. भातशेतीवाल्यांचा एकुलता मुलगा, ऐन विशीतला. औषधांनी रोग दबला होता, पण तो पुन्हा उसळणार हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बहिणीचा, जनीचा, मगज तंतोतंत जुळला.

जनी चौक गावात दिलेली. नवऱ्याचं हायवेला गॅरेज. बाई स्वतः तिथे गेल्या. कमरेच्या हाडातून सुईने मगज काढतात, तो पुन्हा भरून येतो, मूलबाळ व्हायला काही अडचण नाही, हे सगळं त्यांनी सासरच्यांना समजावून सांगितलं.

"आमची सून हाय ती," सासू म्हणाली. "तिच्या हाडातलं काडून भावाला देयाचं? ती आडवी पडली तर भाकऱ्या कोन थापील?"

"गेलीस तर परत येऊ नको," नवरा म्हणाला. बायकोकडे बघायचीही तसदी त्याने घेतली नाही.

जनी अंगावरच्या लुगड्यानिशी बाईंच्या मागोमाग निघाली.

गजा जगला. जनीच्या नवऱ्याने मात्र आपला शब्द पाळला. जन्मात पहिल्यांदाच पाळला असावा. जनीला दारातूनच परतवलं. ती माहेरी गेली, तर आई ठकूबाईने चार दिवस ठेवून घेतलं आणि 'बघ बाई तुझं तू' म्हणून वाटेला लावलं. शेवटी ती इस्पितळाच्या व्हरांड्यात पदर तोंडाला लावून बसलेली बाईंना दिसली. बाईंचं डोकंच फिरलं. पोरीला या चक्रात आपण ओढलं, आता तिला घर मिळवून देणं आपल्याकडे लागलं, असं म्हणत त्या तिला घेऊन थेट पोशीरला गेल्या.

ठकूबाईने त्यांना ओटीवरच बसवलं. आत का बोलावलं नाही, हे भिसेगावच्या बौद्धवाडीत वाढलेल्या बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तो अपमान गिळला. आज कामच दुसरं होतं.

गजा बाहेर आला. गालांवर तजेला, डोक्यावर नवे केस. बहिणीकडे त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही.

"आये म्हनते, दिलेली लेक घरात ठेवली तर लोक नावं ठेवतील," तो म्हणाला. "परक्या घरची ना ती आता."

बाईंच्या तोंडून इतक्या वर्षांची शहरी भाषा गळून पडली.

"परकी? मग तू कोन रं? ऐक. बाईची पेशी आनि पुरुषाची पेशी दुर्बिनीखाली वेगळी ओळखता येते. तुझं रक्त मी गेल्या आठवड्यात तपासलं. सगळ्या पेशी बाईच्या निघाल्या, एकूनएक! तुझ्या अंगात तुझं स्वतःचं रक्तच उरलं नाय. खेळतंय ते जनीचं. तिच्या रक्तावर उभा ऱ्हाऊन तिलाच परकी म्हनतोस?"

गजाचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, लागलं एकदाचं. पण त्याने आधी शेजारच्या अंगणात कुणी आहे का ते पाहिलं, मग जवळ सरकला.

"बाई, हळू बोला ना," तो कुजबुजला. "माज्यात बाईमानसाचं रक्त हाय ह्ये गावात कळलं, तर मला पोरगी कोन दील?"

बाईंची कानशिलं तापली. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात जनीने त्यांचा दंड धरला.

"नका वरडू वो त्याच्यावर," ती म्हणाली. "आत्ता कुटं आजारातून उठलाय. घाबरला तर परत ताप भरंल त्याला." मग भावाकडे वळली. "नाय सांगनार रं आमी कुनाला. तू उन्हात नको उभा ऱ्हाऊ."

बाई नेरळच्या रस्त्याला लागल्या. मागून जनी येत होती. गजावरचा राग, ठकूबाईवरचा राग, चौकच्या त्या घरावरचा राग, हे सगळे बाईंना समजत होते. पण त्या दिवशी सगळ्यात जास्त राग त्यांना जनीचा आला, आणि तो कुणावर काढायचा हे काही केल्या कळेना.