साडेतीन बोटं उंच पायडल

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. वरूडला चुडामण नदीच्या काठी एक जुनी चिंच आहे, तिच्याखालून लोक दिवसाढवळ्यासुद्धा जात नसत. मी तिथे बसून भाकर खाल्लेली आहे, दोनदा. अंगारा, गंडा, भगत यांतलं काहीच मी घरात येऊ दिलं नाही. तेव्हा आता हसायची पाळी तुमची... पण आधी पूर्ण वाचा.

गोष्ट दुसऱ्या लढाईच्या थोडी आधीची. तेव्हा आपला वऱ्हाड सी.पी. अँड बेरारात होता आणि मुंबईचे एजंट विलायती मोटारींचे कॅटलॉग घेऊन अकोल्यापर्यंत येत असत.

माझी वरूडला संत्र्यांची बाग. लहानपणी तापात माझा डावा पाय गेला. म्हणजे राहिला, पण उजव्यापेक्षा साडेतीन बोटं आखूड, आणि पाऊल थोडं बाहेर वळलेलं. काठी कायमची हातात. तरी बाग मी स्वतः फिरून उभी केली. झाडाला खत कधी द्यायचं, पाणी कधी तोडायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त कुठे जायचं म्हटलं की दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं लागे. बैलांची रेंगी जुंपायला माणूस, चढायला माणूस, उतरायला माणूस.

माझे मेहुणे बापूराव अकोल्याला कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्याकडे मोठी, बंद टपाची मोटार होती. एकदा मी त्यांना म्हटलं, मला चालवून पाहू द्या. त्यांनी दिली. पण क्लचचं पायडल माझ्या डाव्या पायानं पूर्ण दबेना. अर्ध्यातच गिअर पडला, गाडीनं उडी घेतली आणि जिनिंगच्या फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली. कापसाच्या बैलबंड्या लागल्या होत्या, शंभरेक माणसं पाहत होती. बापूराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला हात धरून उतरवलं आणि सगळ्यांदेखत अगदी मायेनं म्हणाले, "जावईबापू, तुमी आपले मांगं बसत जा. आरामात."

लोक हसले. माझी बायको गोदावरी तिथेच उभी होती. ती हसली नाही. परतीच्या रस्त्यात मूर्तिजापूर आलं तेव्हा ती म्हणाली, "आपण मोटार घेऊ. मांगं शीटच नसंल अशी."

अशी मोटार म्हणजे स्पोर्ट्स. दोन माणसांची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. पुढचे तीन बहार चांगले आले आणि आम्ही अकोल्याला एजंटकडे गेलो. तो म्हणाला, कारखाना तुमच्या मापानं गाडी बनवून देईल. काय कुठे पाहिजे ते कागदावर काढून द्या. मात्र वर्षभर थांबावं लागेल, आणि एकदा ऑर्डर गेली की बदल नाही.

बापूराव म्हणाले, "नवी कायले? जुनी घ्या एखादी. साहेब लोकं बदलून जातात, सस्त्यात देतात. नाई जमली तर दुखनार नाई."

"नाई जमली तर" हे तीन शब्द मी घरापर्यंत घेऊन आलो. जुन्या गाडीत माझा पाय पोचणार नाही, हे उघड होतं. पण नवीचंही भय होतं. वर्षभर वाट पाहायची, सातासमुद्रापार एका परक्या कारागिरानं माझा पाय न पाहता पायडल बनवायचं... आणि चुकलं तर? मग बापूरावांसमोर कोणतं तोंड न्यायचं? आम्ही दोघं महिनाभर यावरच बोलत होतो. गोदावरी म्हणे, "पाह्यल्याबिगर आपण लुगडं नाई घेत, आन मोटार घ्याची?" आणि दुसऱ्या दिवशी तीच म्हणे, "पन जुनी तं दुसऱ्याच्या पायाची असंल."

शेवटी मी नवी मागवायचं ठरवलं. एका दुपारी घरी बसून नकाशा काढला. क्लचचं पायडल साडेतीन बोटं उंच, वरची पट्टी किंचित बाहेर वळवलेली. उजव्या दाराच्या आत काठी अडकवायला दोन पितळी आकडे — एक वर, एक खाली, तिरपे. साडेतीन हा आकडा मी आमच्या जुन्या वळणानं लिहिला: ३ आणि पुढे अर्ध्यासाठी दोन उभ्या रेघा, ३॥. इंचांत एजंटकडून करून घेऊ म्हटलं. माझ्या तीनची एक खोड आहे, शेपटी मागे वळून वर चढते. शाळेत त्यापायी मार खाल्ला, पण खोड गेली नाही. तो कागद मी घडी करून गोदावरीकडे दिला. तिच्याशिवाय तो कुणीही पाहिलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

पंधरा दिवसांनी आम्ही ऑर्डर द्यायला निघालो. सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे प्रवाशांच्या बसनं, अमरावती, पुढे अकोला. अमरावतीला बागेच्या एका कागदावर सही हवी होती म्हणून कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडे थांबलो. मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जात होतो. सकाळचे दहा वाजले असतील. सही झाली, चहा झाला. बोलता बोलता मोटारीचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "स्पोर्ट्स? माझ्या शेडमध्ये एक पडली आहे की. पाहायची असली तर पाहा. घ्या असं मात्र म्हणणार नाही. ती कुणालाच चालवता येत नाही."

"का?"

"तिचं क्लचचं पायडल भलतंच वर आलंय. चांगल्या माणसाचा गुडघा स्टिअरिंगच्या चाकाला अडकतो. जंगलखात्याचा एक साहेब जाताना देऊन गेला. त्यानं मुंबई बंदरावर घेतली तेव्हाच ती अशी होती म्हणे. कुणाची तरी ऑर्डर होती, घ्यायला कुणी आलंच नाही. त्या गोष्टीला सात वर्षं झाली."

मी गोदावरीकडे पाहिलं. ती आधीच उठली होती.

शेडमध्ये ऊन तिरपं येत होतं. गडद हिरवी गाडी, वर धूळ. मी दार उघडून आत बसलो आणि सवयीनं काठी बाजूला ठेवायला हात उजवीकडे नेला. काठी कशाततरी अडकून उभी राहिली. पाहिलं तर दाराला आतून दोन पितळी आकडे होते. एक वर, एक खाली, तिरपे.

मी डावा पाय पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मला पाय ताणावा लागला नाही. पाऊल जसं बाहेर वळतं तसंच ते पट्टीवर बसलं. दाबलं... क्लच तळापर्यंत गेला.

वकीलसाहेब दारात उभे होते. ते म्हणाले, "अरे... तुमचा गुडघा नाही लागला?"

गोदावरीनं पिशवीतून कागद काढला. ती खाली बसली, मान वाकडी करून पायडलाकडे पाहू लागली. मग पदराच्या टोकानं पट्टीची खालची बाजू पुसली. जुनं ऑइल, काळी माती... आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काय आहे?" मी विचारलं.

"तुमीच पाहा," ती म्हणाली. "मी बोलली तं तुमी म्हनाल, मले भास होऊन राहिला."

मी उतरलो, जमिनीवर बसलो, खाली वाकलो. लोखंडी पट्टीच्या पोटाला ओतकामातच उमटवलेला आकडा होता. ३॥. तीनची शेपटी मागे वळून वर चढलेली.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसून कागद पाहिला, पायडल पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "तुम्ही ही गाडी आधी कुठे पाहिली होती?" त्यांनी विचारलं. कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं.

"नाही."

"त्या जंगलखात्याच्या साहेबाकडे कधी कामाला होता?"

"नाही. सात वर्षांपूर्वी मी वरूडमध्ये संत्र्यांच्या पेट्या भरत होतो. मोटारीचं स्वप्नही पडत नव्हतं."

त्यांनी कागदाची घडी करून तो गोदावरीच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मग ही गाडी माझी नाहीच. मी फक्त सांभाळली. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा."

भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू. मी गोदावरीला बाजूला नेऊन म्हटलं, "हे काहीतरी भलतं आहे. नवीच मागवू."

ती म्हणाली, "काहून? बनवाले सांगितली होती तशीच बनली. फक्त लवकर आली. लवकर आलेल्या पावन्याले कोनी हाकलून देते का?"

आम्ही अकोल्याचा बेत चार दिवस पुढे ढकलला. अमरावतीच्याच एका मिस्त्रीनं नवे टायर चढवले, बॅटरी बदलली. त्यानंच मला बडनेऱ्याच्या रस्त्यावर नेऊन गाडी शिकवली. पहिल्या दिवशी दहा वेळा बंद पडली. दुसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्या दिवशी मिस्त्री उतरला आणि म्हणाला, "मालक, आता मी कायले पायजे?"

पाचव्या दिवशी सकाळी मी आणि गोदावरी अकोल्याला निघालो. कापडी हुड मागे दुमडलेलं, ऊन कोवळं, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मूर्तिजापूरच्या अलीकडे आम्ही त्याच सर्व्हिस मोटारीला मागे टाकलं जिच्यात मला दरवेळी दोघांनी उचलून चढवावं लागे. तिचा कंडक्टर खिडकीतून पाहतच राहिला. गोदावरीनं त्याला हात केला. मी काही केलं नाही, मी गाडी चालवत होतो.

बापूरावांच्या जिनिंगवर बंड्यांची रांग होती. फाटक अर्धंच उघडं. मी हॉर्न दिला, गिअर बदलला, आणि दोन खांबांच्या मधून गाडी अशी आत नेली की दोन्हीकडे सारखी जागा राहिली. अंगणात वळवून ऑफिसच्या पायरीशी उभी केली.

बापूराव बाहेर आले. त्यांनी गाडी पाहिली, बहिणीला पाहिलं, मला पाहिलं. "डायवर कुठी हाय?"

"हा काय, बसला हाय," गोदावरी म्हणाली आणि खाली उतरली. "दादा, तू बस आता बाजूले. चक्कर मारून ये."

ते बसले. मी त्यांना गावाबाहेर नेलं, मोकळा रस्ता लागल्यावर गाडी टॉपला टाकली. बापूराव दार घट्ट धरून बसले होते. परत फाटकाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबायला सांगितलं. बंडीवाले, मजूर सगळे पाहत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी मी बोललो ते चुकलो." मला वाटलं होतं की त्या क्षणी मी काहीतरी सुनावीन. मी त्यांचा हात धरला, एवढंच.

एजंटला मी ऑर्डर दिली नाही, पण इंजिनावरचा नंबर देऊन विनंती केली की ही गाडी मुळात कुणासाठी बनली ते कारखान्याला विचारा. काही महिन्यांनी उत्तर आलं. गाडी ऑर्डरनं बनली होती. नकाशा टपालानं आला होता, सोबत पत्र नव्हतं. गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी, पत्ता एवढाच — बेरार, म्हणजे आपला वऱ्हाड. पायडलावरची खूण कारागिरांना कळली नाही, म्हणून होती तशी उतरवली. बाकी कागद सापडत नाहीत, क्षमस्व.

एजंट म्हणाला, असेल दुसरा कोणी लंगडा माणूस. मीही आधी तेच धरलं होतं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ सगळीकडे चौकशी केली. अशी मोटार मागवलेला कुणी सापडला नाही. आणि सापडला असता तरी... त्याची बोटं माझ्या मापाची? त्याच्या तीनची शेपटी माझी?

पत्र वाचून झाल्यावर गोदावरी म्हणाली, "मंग आता तो कागद धाडून द्या."

"कुठे?"

"कारखान्यात. कोनं तरी धाडला म्हणून गाडी बनली ना? तुमी धाडला नाई तं कोनं धाडला?"

"अगं, सात वर्षांपूर्वीच्या कारखान्यात टपाल कसं जाईल?"

"ते टपालवाल्याचं काम. आपलं काम धाडाचं."

मी, चिंचेखाली भाकर खाणारा माणूस, तो नकाशा घेऊन वरूडच्या पोस्टात गेलो आणि पाकिटावर कारखान्याचा पत्ता लिहिला. नकाशाखाली माझं नाव लिहायला लागलो, पण कारखान्याच्या पत्रातली ती कोरी जागा आठवली आणि लेखणी तिथेच थांबली. नुसतं बेरार लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं. पोच आली नाही. पाकीट परतही आलं नाही.

शास्त्र शिकलेल्या अनेकांना मी हे सांगितलं आहे. कुणी योगायोग म्हणालं, कुणी म्हणालं की तुमची आठवण दगा देत असेल. असेल बापा. पण पायडल आजही माझ्याकडे आहे, कुणीही येऊन पाहावं. मला याचं उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही. आणि खरं सांगू? पुढे कितीतरी वर्षं रोज सकाळी मोर्शी रोडवर मी एकटा ती गाडी घेऊन निघायचो, आणि टॉप गिअर पडला की उत्तर नाही याची हळहळ दोन मैलसुद्धा टिकत नसे.